साइडिंग कुठलं लावू, असं विचारलंत म्हणून

परदेशात जाऊन लाकडी सांगाड्याचं घर बांधायचं ठरतंय, तर साइडिंग म्हणून, म्हणजे भिंतींना बाहेरून आवरण म्हणून, व्हिनाइल लावू, फायबर सिमेंट, लाकूड की वीट, असं तुम्ही विचारलंत. शेवटी, करमतं का, हेही विचारलंत. वॉरंटी किती वर्षांची आणि रंग कुठले मिळतात, ते माहितीपत्रकांत सापडेल, त्यात मी शिरत नाही. पण प्रश्न वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसले.

आधी एक ऐका. कुठलंही साइडिंग पाणी पूर्ण अडवत नाही. वाऱ्याबरोबर पाऊस आडवा मारला की सांध्यांतून थोडं आत जातंच. ते बाहेर काढायचं काम मागचा जलरोधक कागद, खिडक्यांच्या कडेचं फ्लॅशिंग (पाणी बाहेर वळवणारी पत्र्याची पट्टी) आणि साइडिंगमागची हवेची फट करते. कॅनडात ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून बांधलेल्या असंख्य इमारती आतून कुजल्या. बाहेरून गुळगुळीत गिलावा, छपराला पुरेशी वळचण नाही, आणि आत गेलेल्या पाण्याला वाट नाही. १९९८ साली त्यावर चौकशी आयोग बसला. आता तशा ओल्या हवामानात तिथे किमान १० मिलीमीटरची फट ठेवावी लागते. तुमचा ठेकेदार फटीबद्दल विचारल्यावर विषय बदलायला लागला, तर दुसरा शोधा.

व्हिनाइल म्हणजे प्लास्टिकच्या पट्ट्या; स्वस्त आणि रंगवायची कटकट नाही. पण ते उन्हात वाढतं, थंडीत आकसतं, बारा फुटी पट्टी अर्धा इंच सहज हलते. म्हणून खिळा लांबट खाचेच्या मधोमध मारायचा आणि डोकं टेकवायचं नाही, जेमतेम मिलीमीटरभर सैल ठेवायचं. काम चालू असताना पट्टी हाताने डावी-उजवी सरकवून बघा. सरकली नाही तर पहिल्या उन्हाळ्यात तिला पोक येणार. समोरच्या घराच्या लो-ई (उष्णता परतवणारा पातळ लेप असलेल्या) काचांवरून परावर्तित झालेल्या उन्हानेही व्हिनाइल वितळून वेडंवाकडं होतं, आणि त्याची भरपाई मिळवणं सोपं नसतं.

फायबर सिमेंट म्हणजे तंतू मिसळलेल्या सिमेंटच्या फळ्या. ते जळत नाही, वाळवी लागत नाही, पण जड असतं. कापलेली प्रत्येक कड रंगाने बंद करायला हवी आणि जमिनीपासून सहा इंच तरी वर ठेवायला हवं. कापताना उडणारी सिलिकाची धूळ फुफ्फुसांना घातक, तेव्हा मुलांना तिथे फिरकू देऊ नका. लाकूड सुंदर दिसतं, पण दर काही वर्षांनी रंगरोगण करायची तयारी असेल तरच.

वीट मला हवी होती. पावसासाठी नाही. नव्या घराच्या भिंतीवर हात मारला की पोकळ आवाज यायचा आणि पोटात कालवायचं. व्हिडिओ कॉलवर सासऱ्यांनी भिंत बघून विचारलं, "पुठ्ठ्याची आहे का गं?" ते सहज म्हणाले, मी मात्र अजून विसरलेले नाही. पण तिथली वीट बहुधा नुसता बाहेरचा थर असते, घर पेलतो तो आतला लाकडी सांगाडाच. खालच्या रांगेत पाणी बाहेर पडायला मोकळे सांधे ठेवतात, ते नीट दिसत नाहीत म्हणून कुणी सिमेंटने बुजवत नाही ना, ते बघा. वीट लावल्याने मला वाटायचं ते थांबलं असतं का? आज वाटतं, नसतं.

आणि कागदपत्रं. बाहेरचं काम पुरं होईपर्यंत आमच्या घराची अंतिम तपासणी होईना. तपासणीचा दाखला नाही म्हणून तो पत्ता शाळेला चालेना. कार्यालयातल्या बाई दर वेळी वेगळा फॉर्म मागायच्या. शेवटी मुलीला लांबच्या शाळेत घातलं आणि वर्षाच्या मध्यात उचलून घराजवळच्या शाळेत आणलं. तोवर वर्गातले गट ठरून गेले होते. ती आता मोठी झाली आहे, तो विषय कधी काढत नाही. मला मात्र साइडिंगचा ट्रक दिसला तरी तेच आठवतं. तुमची मुलं शाळेच्या वयाची असतील तर घर पुरं होण्याची तारीख शाळेच्या प्रवेशाशी जुळवून घ्या, साइडिंगचा निर्णय त्यानंतर.

करमतं का, याचं उत्तर: नाही करमत काही दिवस. पुढे कामं लागतात.

मी तुमच्या जागी असते तर पाऊस मारतो त्या बाजूला फायबर सिमेंट, फट ठेवून, आणि बाकी बाजूंना व्हिनाइल लावलं असतं. पैसे कमी पडले तर सगळीकडे व्हिनाइल चालेल, पण फ्लॅशिंगमध्ये काटकसर नको, विशेषतः खालच्या छपराची पन्हळ भिंतीला भिडते तिथे. पाणी भिंतीपासून दूर फेकणारा वळवलेला पत्रा त्या कोपऱ्यात हवाच.

पाऊस कुठल्या दिशेने येतो आणि छप्पर भिंतीबाहेर किती येतंय, ते कळवा. नकाशा असेल तर तोही पाठवा, खिडक्यांपासून सुरुवात करू.