साखरेची जनुके शिकायची, तर साखर टाळून कसे चालेल?

प्रश्न : मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मूत्रमार्गाचा संसर्ग करणाऱ्या ई. कोलायच्या पृष्ठभागावरील शर्करा आणि त्यांची जनुके यांवर मला संशोधन करायचे आहे. जनुकशास्त्र आवडते, पण शर्करांचे रसायनशास्त्र झेपत नाही. फक्त जनुकशास्त्र आणि संगणक यांवर भागेल का?

उत्तर : अर्ध्या वाटेपर्यंत भागेल. प्रथिनाचा क्रम जनुकात थेट लिहिलेला असतो, शर्करेचा नसतो. जनुकापासून एन्झाइम बनते आणि कोणती साखर कितव्या कार्बनवर, अल्फा की बीटा बंधाने जोडायची हे ते एन्झाइम ठरवते. नुसता क्रम वाचून हा बंध बहुतेक वेळा ठामपणे सांगता येत नाही. ई. कोलायच्या काही प्रकारांभोवती शर्करेचे कवच असते. त्यांपैकी के-१ आणि के-९२ ही दोन्ही कवचे सायॅलिक आम्ल या एकाच साखरेची. पहिल्यात सगळे बंध २-८ (एका साखरेचा दुसरा कार्बन शेजारच्या साखरेच्या आठव्याला), दुसऱ्यात २-८ आणि २-९ आलटूनपालटून. दोन्हीकडची साखळी जोडणारी एन्झाइमे मात्र एकमेकांशी बरीच मिळतीजुळती आहेत. शिवाय के-१ वर अॅसिटिल गट चढवणारे जनुक कवचाच्या जनुकसमूहात नसतेच, ते दूरच्या एका प्रोफाजवर (जीवाणूच्या जीनोममध्ये घुसून राहिलेल्या विषाणूच्या डीएनएवर) बसलेले असते. समूह पाहून रचना सांगणारा इथे हमखास फसतो.

त्यासाठी अख्खे रसायनशास्त्र नको. पायरॅनोज हे साखरेचे सहा अणूंचे वलय, कार्बनचे क्रमांक, अल्फा-बीटा, न्यूक्लिओटाइडला जोडलेल्या साखरा आणि एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात रेणूची रचना उलगडणारी पद्धत) आलेखातला साधारण ४.४ ते ५.५ पीपीएमचा पट्टा एवढे पक्के कर. हे एका सत्रात जमण्यासारखे आहे.

झेपते की नाही हे आताच तपासायचे असेल तर सीएफटी०७३ या प्रकाराचा जीनोम उतरवून घे. तो ओ-६, के-२ गटातला आहे : ओ म्हणजे ओ-प्रतिजन, बाह्यपटलातल्या लिपोपॉलिसॅकराइडची बाहेर आलेली शर्करा-साखळी, आणि के म्हणजे कवच. ओ-प्रतिजनाचा समूह जीएएलएफ आणि जीएनडी या दोन जनुकांमध्ये सापडेल. त्यातली जनुके तीन रंगांत रंगव : साखर बनवणारी, साखर जोडणारी, आणि साखळी पटलापलीकडे नेणारी किंवा लांबवणारी. मग तेच के-१२ या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या प्रकारावर कर (हे प्रकाराचे नाव, कवचाचे नव्हे). तिथे डब्ल्यूबीबीएल या जनुकात आयएस-५ हा जागा बदलणारा डीएनएचा तुकडा घुसल्याचे दिसेल, म्हणून के-१२ वर ओ-प्रतिजन नसतो. प्रॅक्टिकलला वापरलेल्या ई. कोलायवरून रोगकारक प्रकाराच्या पृष्ठभागाबद्दल निष्कर्ष काढू नयेत, ते याचसाठी.

संगणकाच्या वाटेतही खड्डे आहेत. ई. कोलायच्या जीनोममध्ये जीसीचे (डीएनएतल्या ग्वानिन आणि सायटोसिन या अक्षरांचे) प्रमाण सुमारे ५१ टक्के असते, ओ-समूहात ते बरेच कमी. लायब्ररी बनवण्याच्या (क्रम वाचण्यासाठी डीएनएचे तुकडे तयार करण्याच्या) काही पद्धतींत या भागाचे वाचन विरळ येते आणि सॉफ्टवेअर ‘ओ-प्रकार सापडला नाही’ म्हणून मोकळे होते. अशा वेळी प्रतिजनच नाही असे न लिहिता आधी कव्हरेज, म्हणजे तो भाग किती वेळा वाचला गेला, ते पाहावे.

प्रयोगशाळेत पहिले काम बहुधा जनुक काढून टाकण्याचे मिळेल. २००० साली प्रसिद्ध झालेली लॅम्डा-रेड पद्धत अजून चालते : प्रायमरच्या टोकाला ३६ ते ५० न्यूक्लिओटाइडांचा जुळणारा भाग, लॅम्डा विषाणूची डीएनए जोडणारी प्रथिने बनवणारे मदतनीस प्लाझ्मिड (छोटे वर्तुळाकार डीएनए) ३० अंशांवर, अरॅबिनोज देऊन चेतवणे, पेशी थंडगार १० टक्के ग्लिसरॉलने धुऊन विजेच्या झटक्याने डीएनए आत घालणे. पेशी नीट धुतल्या नाहीत तर उरलेल्या क्षारांमुळे ठिणगी उडते. त्याहून नेहमीची चूक म्हणजे, मदतनीस प्लाझ्मिडची निवड अँपिसिलिनवर होते आणि रुग्णांकडून आलेले बरेच प्रकार अँपिसिलिनला आधीच दाद देत नाहीत. आठवडा वाया घालवण्यापेक्षा आधी प्रतिजैविक-संवेदनशीलता तपासावी.

जनुक निवडतानाही जपून. ओ-प्रतिजन ज्या ५५ कार्बनी मेद-वाहकावर बांधला जातो, तोच पेशीभित्तिकेलाही लागतो. मधल्या पायरीचे जनुक काढले की अर्धवट साखळ्या वाहक अडवून बसतात, पेशी फुगतात, आकार बिघडतो, आणि त्यावर मात करणारी दुसरीच उत्परिवर्तने निवडली जातात. मग दिसलेला परिणाम साखर गेल्याचा की वाहक अडकल्याचा, हे कळत नाही. साखळीची अगदी पहिली पायरी, डब्ल्यूईसीए, काढावी तर सोबत आंत्रजीवाणूंचा सामाईक प्रतिजन ही दुसरी पृष्ठशर्कराही जाते. म्हणून जनुक परत घालून गुणधर्म परततो का, हे दाखवल्याशिवाय निष्कर्ष लिहू नये.

साखर खरेच गेली का, हे पाहायला पेशींची घनता सारखी करून, प्रोटीनेज-के देऊन जेलवर चालव आणि चांदीने रंगव. नेहमीच्या कूमासी रंगाने लिपोपॉलिसॅकराइड दिसत नाही. मूळ प्रकारात वेगवेगळ्या लांबीच्या साखळ्यांची शिडी दिसते. साखळी लांबवणारे डब्ल्यूझेडवाय गेले की गाभा (ओ-साखळी ज्यावर बसते तो आतला भाग) आणि त्यावर एकच एकक, जोडणारे डब्ल्यूएएएल गेले की नुसता गाभा. के-१ कवचासाठी त्याच कवचाला चिकटणारे फाज (जीवाणूंना संसर्ग करणारे विषाणू) वापरता येतात. कवच गेले की ते फाज पेशी फोडत नाहीत.

पुढे काम मिळते ते जीवाणूंचे प्रकार ठरवणाऱ्या संदर्भ प्रयोगशाळांत, फाज-उपचारांत आणि संयुग्म लसींच्या (शर्करा प्रथिनाला जोडून केलेल्या लसींच्या) गुणवत्ता तपासणीत. पण केवळ लसीवर डोळा ठेवून गट निवडू नकोस. ई. कोलायच्या नऊ ओ-प्रतिजनांवर बेतलेल्या लसीची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी परिणामकारकता पुरेशी न दिसल्याने २०२५ मध्ये थांबली.

एखाद्या गटाला लिहिशील तेव्हा दोन गोष्टी स्पष्ट विचार : शर्करेची रचना त्यांच्याकडे कोण ठरवते, आणि त्या कामात विद्यार्थ्याला हात घालू देतात का. ‘नमुना बाहेर पाठवतो, आलेख तयार होऊन येतो’ असे उत्तर आले, तर जनुकशास्त्र तिथे उत्तम शिकशील, पण साखर शिकायला दुसरा सहमार्गदर्शक शोधावा लागेल.