जुन्या हस्तलिखितांच्या शाईची तपासणी शिकतोयस? मग आधी हे वाच

हे बघ मित्रा, एक्सआरएफ मशीन (क्ष-किरण मारून वस्तूत कुठली मूलद्रव्यं आहेत ते सांगणारं) हाताशी आलं की लगेच तेच लावायची घाई करू नको. मृत समुद्राजवळ कुमरानला सापडलेल्या प्राचीन हस्तलिखितांच्या गुंडाळ्यांवरची शाई बहुतेक काजळी आणि डिंकाची, आणि कार्बन एक्सआरएफला दिसतच नाही, मग नवीन पोरं डोकं धरून बसतात की रीडिंग कोरं कसं आलं. आधी इन्फ्रारेडखाली बघ, काजळीची शाई तिथंही काळीकुट्टच राहते, पण कोडेक्स सिनायटिकस या बायबलच्या प्राचीन हस्तलिखितासारखी लोह-मायफळाची (लोहाचा क्षार आणि मायफळ मिसळून केलेली) असली तर फिकी पडत जाते.

तरी एक्सआरएफ टाकाऊ नाही हं, कुमरानच्याच होदायोत नावाच्या गुंडाळीच्या शाईत क्लोरीन-ब्रोमीनचं प्रमाण मृत समुद्राच्या पाण्याशी जुळलं, म्हणजे शाई त्याच भागात बनली असणार, भारीच ना!

आणि प्लीज, शाई जुन्या पद्धतीची निघाली म्हणून लेख अस्सल असं लिहून मोकळा होऊ नको. 'येशूची पत्नी'वाला तो पपायरसचा (लव्हाळ्यापासून केलेल्या प्राचीन कागदाचा) तुकडा आठव, ज्यात येशू 'माझी पत्नी' म्हणतो असं लिहिलेलं होतं, २०१४ च्या टेस्टमध्ये शाई कार्बनची, पपायरसही जुनाच, काही जण खूश, आणि २०१६ मध्ये मालकाची माहिती बाहेर आली तसा बनावट असल्याचं जवळपास सगळ्यांनी मान्य केलं. कोरा जुना तुकडा आणि दिव्याची काजळी, एवढं काय कुणीही जमवेल. म्हणून तुकडा कुठून आला ते आधी विचार, मशीन नंतर.