नवऱ्याची सही लागत नाही

प्रश्न : ताई, मी नागपूरला पारडीत राहते, वय 29. दोन लेकरं आहेत, धाकटं सव्वा वर्षाचं. नवरा कामाला रायपूरला असतो. पाळी चुकून दीड महिना झाला, घरी तपासलं तर दोन रेघा. तिसरं आत्ता झेपणार नाही. एका दवाखान्यात गेले, तर काउंटरवरच म्हणाले, नवऱ्याची सही आणा. शेजारीण म्हणते, औषधाच्या दुकानातून गर्भपाताच्या गोळ्यांचं किट आण, दोन दिवसांत मोकळी होशील. काय करू?

उत्तर : आधी सहीचं. 1971चा गर्भपाताचा कायदा आहे. बाई 18 वर्षांच्या वरची असेल तर संमतीच्या ‘फॉर्म सी’वर तिची एकटीची सही पुरते. नवरा, सासू, कोणाचीच लागत नाही. पुढे घरचे भांडायला आले तर आपल्या अंगावर नको, म्हणून दवाखाने सही मागतात. तिथे वाद घालत बसू नका, दुसरीकडे जा.

आता दिवसांचा हिशोब. तुम्ही पाळी चुकल्यापासून मोजताय. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. म्हणजे तुमचे साधारण दहा आठवडे झाले, आणि गोळ्यांची परवानगी नऊपर्यंतच आहे, तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. शेजारणीला हे कोण सांगणार! त्यातून गर्भ पिशवीऐवजी नळीत असेल तर किटचा उपयोग शून्य, आणि नळी फुटली तर जिवावर बेततं. मी नर्स असताना अशा बाया मध्यरात्री ऑटोतून यायच्या. खाली अंथरलेली चादर रक्ताने भिजलेली, ओठ पांढरे, आणि सोबतची सासू सांगायची, “पायरीवरून पडली.” गोळी घेतली हे आम्हाला तासाभराने कळायचं. तुम्ही घेतली असेलच आणि तासाला दोन पॅड भिजत असतील, तर सकाळची वाट पाहू नका. आणि काय घेतलं ते खरं सांगा.

घेतली नसेल तर गांधीबागेतल्या डागा रुग्णालयाच्या ओपीडीत सकाळी लवकर जा. मेयो किंवा मेडिकल ही सरकारी रुग्णालयंही चालतील. जुने कागद असतील ते न्या, सोबत एखादी मैत्रीण असू द्या. आधी सोनोग्राफी करतील. तुमच्या आठवड्यांत बहुधा सक्शनने पिशवी रिकामी करतात, सगळं नीट असलं तर त्याच दिवशी घरी. 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत चालतं, पण जितकं लवकर तितका त्रास कमी. तुमचं नाव बाहेर फोडायला कायद्याने बंदी आहे.

तिथे कोणी “तांबी बसवली तरच करू” म्हणालं, तर तशी अट घालता येत नाही. तांबी चांगलीच आहे, पण बसवायची की नाही ते तुम्ही ठरवा. नसेल बसवायची तर दुसरं साधन त्याच दिवशी विचारून घ्या, कारण पुढची पाळी यायच्या आधीही दिवस राहू शकतात.