‘मुलगेच ते’ म्हणून सोडून द्यायचे का?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे घरातील लहान मुलग्यांविषयी आहेत. त्यांपैकी तीन पत्रांना येथे उत्तरे देत आहे. नेहमीप्रमाणे पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत आणि पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आदरणीय ताई, मला दोन मुलगे आहेत. मोठा सात वर्षांचा असून दुसरीत आहे, धाकट्याला नुकतेच चौथे वर्ष पूर्ण झाले. संध्याकाळी मी स्वयंपाकाला लागले की दोघांची मारामारी सुरू होते. धाकटा मोठ्याची वस्तू ओढतो, मोठा त्याला ढकलतो, धाकटा भोकाड पसरतो आणि शेवटी माझा हात मोठ्यावर उठतो. रात्री तो झोपल्यावर मला त्याच्या तोंडाकडे बघवत नाही. सासूबाई म्हणतात, ‘मुलगेच ते, भांडणारच. मी तिघे वाढवले.’ यांची कारखान्यात दुसरी पाळी असते, त्यामुळे रात्री अकरा-साडेअकरापर्यंत मी एकटीच असते. माझे कुठे चुकते आहे? (एक भगिनी, सांगली)

उत्तर : तुमच्या पत्रातील ‘संध्याकाळी’ हा शब्द मी पुन्हा पुन्हा वाचला. सकाळी शाळेची घाई असते, रविवारी दोघे दिवसभर एकत्र असतात, तरीही तुम्ही तक्रार लिहिली आहे ती संध्याकाळची. म्हणून कोणाचे चुकते हे ठरवण्याआधी आपण घड्याळाकडे पाहू. दुसरीतला मुलगा शाळेतून घरी येतो तेव्हा त्याने डबा खाल्ल्याला काही तास उलटलेले असतात आणि बाकावर बसून बसून त्याचे हातपाय आंबलेले असतात. धाकटा मात्र दुपारची झोप काढून ताजातवाना झालेला असतो आणि भावाची वाट पाहत असतो. एकाला थोडा वेळ कोणी बोलू नये असे वाटते, दुसऱ्याला सवंगडी हवा असतो, आणि नेमक्या त्याच वेळी आई ओट्यापाशी अडकलेली असते. अशा वेळी ठिणगी पडली नाही तरच नवल.

त्यामुळे पहिला उपाय पोटाचा आहे. मोठा घरात आला की दप्तर, गृहपाठ, मोजे यांची चौकशी बाजूला ठेवून आधी त्याला खायला द्या. बिस्किटांनी भूक मरते, भागत नाही. सकाळच्या पोळीचा गूळ-तूप घालून केलेला लाडू, शेंगदाणे-गूळ, केळे, थालीपीठ, यांपैकी काहीही चालेल. त्यानंतर दोघांनाही घराबाहेर काढा. पाच वर्षांवरील मुलांना दररोज किमान ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले आहे. तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी तर दिवसभरात मिळून १८० मिनिटांची हालचाल सुचवलेली आहे. मैदान जवळ नसेल तर गच्ची किंवा गल्लीचे टोकही पुरते. लगोरी, पकडापकडी, डबा ऐसपैस यांना पैसे लागत नाहीत. तुम्हाला त्या वेळी जाता येत नसेल तर सासूबाईंना एक खुर्ची घेऊन तेथे बसण्याची विनंती करा. ज्यांनी तीन मुलगे वाढवले आहेत त्यांना हे काम नक्कीच जमेल, आणि विनंती केली गेली याचा त्यांना आनंदही होईल.

आता मारामारीविषयी. तुम्ही सांगलीच्या आहात, त्यामुळे तालमीचे उदाहरण तुम्हाला परके वाटणार नाही. तांबड्या मातीत उतरलेले दोन पोरगे एकमेकांना आपटतात, तरी त्याला कोणी भांडण म्हणत नाही, कारण तेथे आधी सलामी होते, वस्तादाची नजर असते आणि ‘थांब’ म्हटले की थांबावे लागते. घरातील दंगामस्तीलाही हाच नियम लावा. दोघे गादीवर लोळत असतील, आलटून पालटून खाली-वर होत असतील आणि दोघांच्याही चेहऱ्यावर हसू असेल, तर तो खेळ आहे आणि तो मुलांना हवा असतो. एकाचे हसू मावळले की खेळ संपला. ‘थांब’ हा शब्द कोणीही उच्चारला तरी दुसऱ्याने त्या क्षणी हात सोडायचा, हे दोघांकडून शांत वेळी घोटून घ्या. भांडण पेटल्यावर शिकवलेला नियम कानापर्यंत पोहोचत नाही. आणि खरे भांडण झालेच तर ‘कोणी सुरू केले?’ हा प्रश्न विचारू नका. त्याचे खरे उत्तर कधीच मिळत नाही, उलट मुलांना चुगलीची सवय लागते. दोघांना वेगळे करा, एकाला ओट्यापाशी तुमच्याजवळ घ्या, दुसऱ्याला आजीजवळ बसवा आणि पाच-दहा मिनिटे जाऊ द्या.

‘तू मोठा आहेस, तू समजून घे’ हे वाक्य तुमच्या पत्रात नाही, पण ते तुमच्या घरात बोलले जात असावे असा माझा अंदाज आहे, कारण ते जवळजवळ प्रत्येक घरात बोलले जाते. सात वर्षांचा मुलगा चार वर्षांच्या भावाशेजारी उभा राहिला की मोठा दिसतो. तोच एकटा झोपलेला असताना पाहा, तो केवढासा असतो. स्वतःला आवरण्याचे काम मेंदूच्या पुढच्या भागाकडे असते आणि तो भाग विशी उलटेपर्यंत पक्व होत राहतो. सातव्या वर्षी आपण त्याच्याकडे ज्या समजूतदारपणाची मागणी करतो, तो त्याच्याकडे अजून तयारच झालेला नसतो. शिवाय धाकट्याने ओढलेली वस्तू प्रत्येक वेळी धाकट्यालाच मिळाली, तर मोठ्याला ढकलण्याखेरीज दुसरा मार्ग उरत नाही.

माझे मुलगे लहान असताना आम्ही दोन खोल्यांत राहत होतो. भांडणांनी जीव मेटाकुटीस आला, तेव्हा मी दोघांना लाडवांचा एकेक रिकामा पत्र्याचा डबा दिला. थोरल्याच्या डब्यात सागरगोटे, बसची जुनी तिकिटे आणि बंद पडलेल्या गजराच्या घड्याळाचे एक पितळी चाक होते. ते चाक त्याला प्राणापलीकडे प्रिय होते. डबा कपाटावर राहायचा आणि मालकाला विचारल्याशिवाय त्याला आईनेही हात लावायचा नाही, असा नियम होता. तो नियम मी स्वतः पाळला म्हणूनच तो टिकला. डब्याबाहेरच्या वस्तू दोघांच्या, डब्यातल्या ज्याच्या त्याच्या. भांडणे थांबली नाहीत, पण निम्म्याहून कमी झाली.

शेवटी तुमच्या हाताविषयी लिहिते. दिवसभर एकटीने सगळे ओढणाऱ्या बाईचा तोल जातो, हे मी समजू शकते. तरीही स्पष्ट सांगते, चापट थांबवायला हवी. धाकट्याला ढकलल्याबद्दल तुम्ही मोठ्याला मारता, तेव्हा मोठ्या माणसाने लहानाला मारले तरी चालते हेच तो तुमच्याकडून शिकतो आणि दुसऱ्या दिवशी धाकट्यावर उतरवतो. शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मनाई आहे. जे आपण गुरुजींना करू देत नाही, ते घरात का करावे? हात शिवशिवू लागला की गॅस बंद करा, माठातील पेलाभर पाणी प्या आणि मग मुलाकडे वळा. कधी चुकून हात उठलाच तर तो झोपेपर्यंत थांबू नका. जागेपणीच त्याला जवळ घेऊन ‘मी मारायला नको होते’ असे सांगा. त्यामुळे आईचा मान कमी होत नाही. आणि सुट्टीच्या दिवशी वडिलांनी दोघांना घेऊन तास-दोन तास बाहेर जावे, हे तुम्ही हक्काने मागा. पाळीची नोकरी हे कारण आठवड्याच्या सातही दिवसांना लागू होत नाही.

प्रश्न : माझा मुलगा सहा वर्षांचा आहे आणि अजूनही आठवड्यातून तीन-चार रात्री अंथरूण ओले करतो. माझे वडील त्याला सर्वांसमोर बोलतात, ‘एवढा घोडा झाला तरी लाज नाही.’ पुढील महिन्यात गावाकडे लग्न आहे आणि तो आतापासूनच ‘मी येणार नाही’ म्हणून रडतो. हा आजार आहे का? (एक वडील, नाशिक)

उत्तर : बहुधा नाही. पाच वर्षांच्या शंभर मुलांपैकी साधारण पंधरा मुले रात्री अंथरूण ओले करतात, त्यांत मुलींपेक्षा मुलगे अधिक असतात आणि वाढत्या वयाबरोबर बहुतेकांचे आपोआप थांबते. रात्री लघवी कमी तयार व्हावी यासाठी शरीर एक संप्रेरक सोडते; काही मुलांमध्ये ही घडी उशिरा बसते. काहींची झोप इतकी गाढ असते की मूत्राशय भरले तरी त्यांना जाग येत नाही. ही गोष्ट घराण्यातही चालत येते, म्हणून आपल्या लहानपणी काय होते हे तुम्ही एकदा तुमच्या आईला एकांतात विचारावे. उत्तर ‘होय’ असे आले तर आजोबांना समजावणे सोपे जाईल, आणि मुलाला ‘बाबांचेही असेच होते’ हे ऐकून जो धीर येईल तो कोणत्याही औषधाने येणार नाही.

मुलाला दिवसा भरपूर पाणी पिऊ द्या, झोपण्यापूर्वीच्या दोन तासांत कमी द्या आणि संध्याकाळी चहा अजिबात देऊ नका. झोपताना लघवीला नेऊन आणा. शौचाला खडा होत असेल तर आधी त्यावर उपचार करा, कारण तुंबलेले पोट मूत्राशयावर दाब आणते. चादरीखाली मेणकापड घाला. सकाळी ओली चादर बादलीत टाकायला त्याची मदत घ्यावी, पण शिक्षा म्हणून नव्हे, आणि कोरड्या रात्रीला बक्षीसही लावू नये. झोपेत जे घडते ते त्याच्या हातात नाही. सहा महिने कोरडे गेल्यावर हे पुन्हा सुरू झाले, दिवसाही कपडे ओले होऊ लागले, लघवीला जळजळ होऊ लागली, किंवा तहान फार वाढून वजन उतरू लागले, तर मात्र वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांकडे न्या.

लग्नाला त्याला अवश्य न्या. मेणकापड आणि दोन जादा चड्ड्या तुमच्या पिशवीत असतील आणि रात्री तो तुमच्याच शेजारी झोपेल, हे त्याला आधीच सांगा. आजोबांशी बोलणे हे तुमचे काम आहे, सुनेवर ढकलू नका. मुलाच्या देखत त्यांना अडवण्याऐवजी एकदा त्यांच्याबरोबर फिरायला जा आणि हात जोडून सांगा की या विषयावर घरात कोणी चकार शब्द काढायचा नाही.

प्रश्न : माझा नातू आठ वर्षांचा आहे. माझी सून त्याला जेवल्यावर स्वतःचे ताट घासायला लावते आणि रविवारी पोळपाट-लाटणे देऊन पोळ्या लाटायला बसवते. सुनेशी माझे वाईट नाही, पण हे मला बघवत नाही. मुलग्याच्या जातीला हे कशाला? त्याने अभ्यास करावा, खेळावे. (एक आजी, पुणे)

उत्तर : आजी, नातवाचे इवलेसे हात राखेत किंवा साबणात पाहून तुमचा जीव कळवळतो, यात तुमची माया आहे आणि ती मी कमी लेखत नाही. पण ताट घासायला त्याला पाच मिनिटे लागतात, पोळ्यांना आठवड्यातून एकदा अर्धा तास. एवढ्याने अभ्यास मागे पडत नाही.

लोकांचा दिवसाचा वेळ कशात जातो, याची केंद्र सरकारने २०१९ मध्ये देशभर एक पाहणी केली होती. घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात होती, म्हणजे जवळजवळ पाच तास. घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७ मिनिटे. आणि मुळात शंभरातील २६ पुरुषच पाहणीच्या दिवशी घरकामाला हात लावत होते. हे आकडे वाचताना मला तुमच्या पिढीच्या आणि माझ्या पिढीच्या बायकांचे गुडघे आणि कंबरा आठवल्या. तुमचा नातू उद्या शिकायला परगावी जाईल, कदाचित एकटा राहील, पुढे नोकरी करणाऱ्या मुलीबरोबर संसार करेल. त्या वेळी त्याला पोळी येत असेल तर त्याच्यासारखा स्वतंत्र माणूस तोच. ‘बालभारती’ने २०१९ मध्ये दुसरीच्या पाठ्यपुस्तकात आई आणि बाबा मिळून भाजी निवडत असल्याचे चित्र छापले. तुमची सून तेच घरात करते आहे.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूने सांगते. आठ वर्षांच्या मुलाला लसूण आणि मटार सोलणे, कपड्यांच्या घड्या घालणे, अंथरूण आवरणे, ताटे-वाट्या मांडणे ही कामे खुशाल द्यावीत, पण विळी आणि तापलेला तवा अजून मोठ्यांच्याच हातात असावा. काम रागावून किंवा शिक्षा म्हणूनही देऊ नये. सून तसे करत असेल तर तिला बाजूला घेऊन जरूर सांगा, ती ऐकेल.

आणि पुढच्या रविवारी सुनेऐवजी तुम्ही स्वतः त्याच्याशेजारी बसा. कणीक किती सैल भिजवावी, गोळ्याला पीठ किती लावावे, लाटणे कडेला कसे फिरवले की पोळी आपोआप वळते, हे तुमच्या हातांना जेवढे ठाऊक आहे तेवढे घरात दुसऱ्या कोणाला नसेल. पोळी वेडीवाकडी झाली तर त्याच्या हातातून लाटणे घेऊन ती सारखी करू नका. तशीच भाजा, एक त्याच्या ताटात वाढा आणि एक तुमच्या.