दोन कचेऱ्यांच्या मधे कार्यक्रम अडकलाय? तिकिटं छापू नका, आधी पोच घ्या

तुमचा प्रश्न वाचला आणि उत्तर लिहिल्याशिवाय राहवलं नाही. जुळे सोलापुरातल्या एका लॉनवर तिकीट लावून एकांकिका, तिच्यामागून जुन्या गाण्यांचा वाद्यवृंद, तारीख जानेवारीच्या मध्यावरची. एका कचेरीत सांगतात, "आधी तिकडचं ना-हरकत आणा." तिकडे गेलं की म्हणतात, "आधी त्यांचं पत्र दाखवा." शेवटी एका टेबलावर कोणीतरी "करा हो तुम्ही, होऊन जाईल" म्हणालं, म्हणून तिकिटं छापायला टाकू का, असं तुम्ही विचारलंय.

टाकू नका. सही-शिक्क्याचा कागद हातात येईपर्यंत एकही तिकीट छापू नका आणि मंडपवाल्याला ॲडव्हान्सही देऊ नका. "होऊन जाईल" म्हणणारा माणूस त्या दिवशी जागेवर नसतो. मी हे अगदी जवळून भोगलंय.

मी इथल्या हौशी नाटकातली बाई. अभिनय, दिग्दर्शन, पडदे शिवणं, सगळं केलं, पण गेली बरीच वर्षं माझ्याकडे येतं ते कागदपत्रांचं काम, कारण ते दुसरं कोणी करत नाही. जागामालकाचं संमतिपत्र, मंडपासाठी अग्निशमनचा दाखला, महावितरणचं तात्पुरतं कनेक्शन, पार्किंगची सोय, हे तुम्ही केलंच असेल, त्यात जात नाही. आणि आधीच सांगते, मी वकील नाही. नियम बदलतात, त्यामुळे खाली लिहिलंय ते एकदा जाणकाराला दाखवून घ्या.

आमचा कार्यक्रम तीन भाषांचा होता. सोलापुरात मराठी, कानडी, तेलुगू एकाच गल्लीत ऐकू येतात, पण रंगमंचावर त्या एकत्र फार क्वचित येतात, म्हणून मराठी एकांकिका, कानडी वचनं आणि शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू बायकांची बतुकम्माची गाणी असा बेत ठरला. या बायका दिवसभर घरात विड्या वळतात. संध्याकाळी तयार विड्या कारखान्यात देऊन आल्या की स्वयंपाक उरकायच्या आणि मग तालमीला यायच्या. नवरात्रात अंगणात फेर धरून म्हणतात तीच गाणी, पण माईकसमोर, दिव्याच्या उजेडात, तिकीट काढून आलेल्या लोकांपुढे म्हणायची त्यांची ती पहिलीच वेळ होती. एकीने तर त्यासाठी सासूची इरकल मागून आणली होती.

अर्ज आम्ही वेळेत दिला होता. ज्या कचेरीत दिला तिचं नाव घेत नाही, कारण तिथली माणसं बदलली असतील. पण टेबलावरच्या माणसाने अर्ज घेतला आणि आमच्या प्रतीवर पोच मागितली तर "ठेवून जा मॅडम, साहेब आले की शिक्का मारतो" म्हणाला. पुढच्या खेपेला साहेब दौऱ्यावर. त्यानंतर, दुसऱ्या एका कचेरीचं ना-हरकत नाही म्हणून थांबलंय. त्या दुसऱ्या कचेरीत गेलो तर त्यांना पहिल्यांचं पत्र हवं. पहिल्यांचं पत्र निघणार कसं, तर दुसऱ्यांचं आल्यावर. कोणीही नाही म्हणत नव्हतं. नाही म्हटलं असतं तर आम्ही तारीख बदलली असती, जागा बदलली असती. दर वेळी चहा विचारायचे, हसून बोलायचे आणि "तुमचं काम आहे, सांस्कृतिक आहे, अडवणार कोण" म्हणायचे.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी मंडप उभा, खुर्च्या लावलेल्या, साउंडवाला माईक तपासतोय, तेव्हा सांगत आले की परवानगी नाही, सुरू करता येणार नाही. मी धावत त्या कचेरीत गेले. त्याच टेबलावर, त्याच माणसाने आवक रजिस्टर उघडून दाखवलं. आमच्या नावाची नोंदच नव्हती. "असा अर्ज आलेलाच नाही." हे ऐकताना माझे हातपाय गार पडले. महिनाभर ज्या अर्जाबद्दल आमच्याशी बोलत होते, तो अर्ज कागदोपत्री जन्मालाच आला नव्हता.

तिकिटांचे पैसे परत केले. मंडप, साउंड, खुर्च्या यांचे पैसे द्यावेच लागले, आणि ते द्यायलाच हवेत, त्या लोकांनी काम केलं होतं. अक्कलकोटहून आलेले म्हातारे पेटीवादक पेटीची खोळही न काढता परतले. आणि त्या बायका. पदर खोचून, गजरे माळून मंडपाच्या मागे उभ्या होत्या. त्यांना सांगायचं कसं ते मला अजून कळलेलं नाही. त्यातल्या काही जणी नंतर पुन्हा तालमीला आल्या नाहीत, घरचे म्हणाले, "एवढं करून काय मिळालं?" पैशाचं नुकसान आम्ही वर्षभरात भरून काढलं. हे नुकसान भरून निघालेलं नाही आणि मला त्याचा राग आजही येतो. शहरात डॉल्बीच्या भिंती लावून रस्ते अडतात तेव्हा कागद विचारायची कोणाची हिंमत होत नाही, आणि विड्या वळणाऱ्या बायका दोन गाणी म्हणणार म्हटल्यावर रजिस्टर उघडलं जातं. असो.

आता तुमचं. अर्ज टेबलावर देऊ नका, आवक-जावक शाखेत द्या. दोन प्रती न्या, एक त्यांना, दुसऱ्यावर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. जोडलेल्या प्रत्येक कागदाचं नाव अर्जाच्या तळाशी क्रमाने लिहा, म्हणजे "हे जोडलंच नव्हतं" म्हणायला जागा राहत नाही. शिक्का देत नसतील तर वाद घालू नका, सरळ पोस्टात जा आणि तोच अर्ज पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा, शिवाय कचेरीच्या अधिकृत ईमेलवरही. मग तुमचा अर्ज आलाच नाही असं कोणालाही म्हणता येणार नाही.

दोन कचेऱ्यांचा फेरा तोडायचा असेल तर दोघांना एकाच दिवशी अर्ज द्या आणि प्रत्येक अर्जाखाली दुसऱ्याला "प्रत माहितीसाठी" असं लिहून ती प्रत खरोखर पोचवा. "आधी तिकडचं आणा" असं तोंडी सांगितलं तर त्याच दिवशी एका ओळीचं पत्र द्या: आज आपल्या कचेरीत असं सांगण्यात आलं, कृपया ही अट लेखी कळवावी. माझा अनुभव असा, की लेखी मागितलं की निम्म्या अटी आपोआप गळून पडतात.

कायद्याचा आधारही आहे. सरकारी कर्मचाऱ्यांच्या बदल्या आणि कामातला विलंब यांबद्दलचा राज्याचा 2005 चा कायदा आहे, त्यात एका कर्मचाऱ्याकडे फाइल सात कामकाजाच्या दिवसांहून जास्त पडून राहू नये असं म्हटलंय. 2015 चा लोकसेवा हक्क कायदा आहे. तुम्हाला हवी असलेली सेवा त्याखाली अधिसूचित असेल तर तिला मुदत ठरलेली असते आणि मुदत उलटली की अपील करता येतं. माहिती अधिकारही आहे, पण त्याचं उत्तर यायला तीस दिवस लागू शकतात, त्यामुळे कार्यक्रम तोंडावर असताना त्यावर विसंबू नका. पहिल्याच भेटीत कायद्याचं नाव काढू नका, माणसं आखडतात. दुसऱ्या पत्रात, शांत शब्दांत लिहा.

तारखेबद्दल माझं मत ठाम आहे. संक्रांतीच्या आसपासची तारीख सोडा. गड्डा यात्रेत, म्हणजे ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या जत्रेत, सात काठ्या (नंदीध्वज) निघतात, 68 लिंगांना तैलाभिषेक, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, होम मैदानावरची गर्दी, शोभेचं दारूकाम. सगळा बंदोबस्त तिकडे असतो. त्या आठवड्यात तुमच्या अर्जाकडे बघायला कोणाला वेळ नसतो, आणि खरं सांगायचं तर प्रेक्षकही नसतो. घरातली पोरं पाळण्यात बसायला गड्ड्यावर ओढून नेतात, तुमच्या लॉनवर कोण येणार? जानेवारीचा शेवटचा आठवडा बघा. फेब्रुवारीत बारावीची परीक्षा तोंडावर येते, तेव्हा लाउडस्पीकरवर शेजारी तक्रार करतात आणि त्यांचं चुकत नाही.

लॉनचा हट्टही सोडता आला तर बघा. उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांतला मुद्दा. बारापर्यंतची सवलत सरकार वर्षाकाठी जास्तीत जास्त पंधरा दिवस देऊ शकतं, ती सणावारांना जाते, आपल्या एकांकिकेसाठी नाही. शिवाय शंभर मीटरच्या आत दवाखाना, शाळा किंवा कोर्ट असेल तर शांतता क्षेत्राचा प्रश्न येतो, आणि जुळे सोलापुरात शाळा, दवाखाने कमी नाहीत. बंदिस्त सभागृहात आवाज आतल्या आत राहतो, त्यामुळे दहाचा तो नियम तिथे तसा लागू होत नाही. हुतात्मा स्मृती मंदिर मोठं आहे, डिसेंबर-जानेवारीत स्नेहसंमेलनांमुळे तारखा मिळणं अवघड, पण विचारा. डॉ. निर्मलकुमार फडकुले सभागृह आहे. आणि पहिलाच प्रयोग असेल तर मी हिराचंद नेमचंद वाचनालयाचं ॲम्फी थिएटर सुचवेन. तिथे प्रेक्षक जवळ बसतो, नटाचा श्वास ऐकू येतो, एकांकिकेला तेच हवं. दोनशे माणसं मनापासून बघतात ते लॉनवरच्या हजार रिकाम्या खुर्च्यांपेक्षा कितीतरी चांगलं. तिथे काय शुल्क, काय अटी, ते मात्र स्वतः जाऊन विचारा.

कार्यक्रम साडेसहाला सुरू करा. सात लिहायचं आणि आठला पडदा उघडायचा, ही आपल्याकडची सवय वाईट आहे. नाटक आधी, गाणी नंतर ठेवताय हे बरोबर केलंत. गाण्यांनंतर नाटकाला कोणी थांबत नाही.

पैशाचं थोडक्यात. नाटक, नृत्य, संगीताच्या कार्यक्रमाचं तिकीट माणशी 500 रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी लागत नाही. सोलापुरात त्याहून जास्त लावायचं कारणही नाही. काही लोक तिकिटाला "देणगी प्रवेशिका" म्हणतात आणि तिकीट नाहीच असं सांगतात. तसं करू नका, पैसे घेऊन आत सोडता तर ते तिकीटच, उद्या अडचणीत याल. सिनेमाची गाणी तिकीट लावून म्हणणार असाल तर गीतकार-संगीतकारांच्या हक्कांचा परवाना लागतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात हौशी मंडळांना सूट आहे, पण ती प्रेक्षक फुकट येत असेल किंवा कार्यक्रम धर्मसंस्थेच्या मदतीसाठी असेल तेव्हाची. एकांकिकेच्या लेखकाची लेखी परवानगी घ्या आणि मानधन द्या, कितीही थोडं असो. लेखक ओळखीचा आहे म्हणून फुकट करायची पद्धत मला मान्य नाही. संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून (नाटकांच्या संहिता तपासणारं सरकारी मंडळ) प्रमाणित झालेली हवी. आधी प्रयोग झाले असतील तर प्रमाणपत्र लेखकाकडे किंवा त्या संस्थेकडे मिळेल, नवी संहिता असेल तर आजच पाठवा, ते काम मुंबईतून होतं.

तुम्ही शेवटी लिहिलंय की सोलापुरात रात्री बघण्यासारखं काहीच नसतं, म्हणून हे करायचंय. करायचंय ते चांगलंच आहे, पण पहिलं वाक्य मला पटलं नाही. लोक रात्री बाहेर पडतात की! पार्क चौपाटीवर जाऊन बघा, गणपतीत लेझमाच्या ताफ्यांची सरावाची रात्र बघा, मोडनिंबच्या कलाकेंद्रांत चालणारं गाणं-नाच बघा. शाहीर राम जोशी इथलाच, अभिनेते अतुल कुलकर्णी इथल्याच नाट्य आराधना या नाट्यसंस्थेत उभे राहिले, नागराज मंजुळे आपल्याच जिल्ह्यातल्या जेऊरचे. बघणारे आहेत, करणारे आहेत. कमी आहे ती कार्यक्रम धडपणे होऊ देणाऱ्या यंत्रणेची.

आणखी दोन गोष्टी सुचल्या. पुण्याहून कलाकार बोलावणार असाल तर त्यांना संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसवर ठेवू नका, ती सोलापुरात रात्री पोचते, तोवर तुमचा पडदा पडलेला असेल. सकाळीच निघायला सांगा. मुंबईला परतणाऱ्यांना रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस सोयीची आहे. आणि संचात बायका-मुली असतील तर त्यांना घरी सोडायची गाडी आधीच ठरवा, तो खर्च अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत लिहा. रात्री रिक्षा शोधत उभं राहावं लागलं तर पुढच्या वेळी घरून परवानगी मिळत नाही, मग तुम्ही कितीही चांगलं नाटक करा.

अर्जाचा नमुना माझ्याकडे आहे, दोन्ही कचेऱ्यांसाठी वेगळा. हवा असेल तर सांगा, इथे टाकते. सोमवारी अर्ज दिलात की आवक क्रमांक मिळाला का तेवढं कळवा. नाही मिळाला तर त्याच संध्याकाळी टपालासोबत जोडायचं पत्र मी लिहून देईन.