ईईजी नॉर्मल आला म्हणून गोळ्या बंद करू नका

ताई, तुमच्या भावाला दोनदा मोठी फिट आली, ईईजी (डोक्याला इलेक्ट्रोड लावून काढलेला मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख) नॉर्मल निघाला, आणि आता घरातले म्हणतायत की मग गोळ्या कशाला. कृपा करून गोळ्या चालू ठेवा. मी डॉक्टर नाही, पण बरीच वर्षं ईईजी काढण्याचंच काम करते. रिपोर्टवर 'नॉर्मल' वाचून औषध सोडलेले पेशंट पुन्हा फिट येऊन आमच्याकडे आलेले मी पाहिलेत.

साधा ईईजी असतो २०-३० मिनिटांचा. नेमकी त्याच वेळी फिट येणं दुर्मीळ. आम्ही शोधतो त्या दोन फिटांच्या मधल्या काळात अधूनमधून उमटणाऱ्या खुणा. त्यातला स्पाइक, म्हणजे रेघेतली टोकदार उसळी, जेमतेम २० ते ७० मिलिसेकंदांचा असतो. अपस्मार (पुन्हा पुन्हा फिट येण्याचा आजार) असलेल्यांपैकी साधारण निम्म्यांच्याच पहिल्या ईईजीत अशी खूण सापडते. मेंदूचा काही चौरस सेंटीमीटर भाग एकदम उद्दीपित झाला तरच ती कवटीबाहेरच्या इलेक्ट्रोडपर्यंत पोचते. खोलवरचं बरंचसं निसटतं. झोपेत या खुणा जास्त दिसतात, म्हणून आदल्या रात्री जागरण करून यायला सांगतात. निदानाचा मुख्य आधार असतो तो फिट पाहणाऱ्याने केलेलं वर्णन.

तुमचा दुसरा प्रश्न जास्त काळजीचा वाटला: फिट थांबल्यावर भाऊ अर्धा तास कुणाला ओळखत नाही, मेंदूला इजा झाली का? मोठ्या फिटमध्ये ईईजीवर काय होतं ते सांगते. शरीर ताठ होतं तेव्हा असंख्य पेशी एका तालात, वेगाने विद्युत संदेश सोडत असतात. मग हातपाय झटके देऊ लागतात. तेव्हा उसळी आणि विराम आलटून पालटून दिसतात, आणि विराम लांबत जातात. शेवटी सगळं एकाएकी थांबतं, रेघ जवळजवळ सपाट होते. त्यानंतर मोठ्या, संथ लाटा सुरू होतात, त्या हळूहळू नेहमीच्या लयीवर येतात. बाहेरून फिट संपलेली असते, आत मेंदू अजून सावरत असतो. भावाचा तो अर्धा तास म्हणजे हाच काळ. एवढ्यावरून कायमची इजा झाली असं समजू नका. मात्र नंतर एखादा हात किंवा पाय लुळा वाटला तर लगेच दवाखाना गाठा. तो बहुधा काही तासांत पूर्ववत होतो, पण दुसरं कारण नाही ना, हे डॉक्टरांनीच ठरवायचं.

म्हणून फिटनंतरच्या त्या अर्ध्या तासात त्याला हलवून जागं करू नका, पाणी पाजू नका. गिळण्यावर ताबा नसतो, पाणी श्वासनलिकेत जाईल. कुशीवर वळवा आणि जवळ बसा. फिट चालू असताना तोंडात चमचा घालू नका. कांदा, चप्पल हुंगवून काही होत नाही, फक्त वेळ जातो, आणि वेळच मोजायची असते: ५ मिनिटांवर फिट चालली, किंवा शुद्धीवर यायच्या आत दुसरी आली, तर थेट हॉस्पिटल.

आधी कळतं का, असंही विचारलंत. काहींना पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं वाटतं, विचित्र वास येतो. ती फिटची सुरुवातच असते, मेंदूच्या एका कोपऱ्यापुरती. भावाला असं काही होतं का, ते शांतपणे विचारा. मेलबर्नमध्ये १५ जणांच्या मेंदूवर इलेक्ट्रोड बसवून फिटचा धोका आधी ओळखण्याचा प्रयोग झाला, २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. काहींच्या बाबतीत तो चांगला जमला, पण घरोघरी वापरावं असं साधन अजून हाताशी नाही.

पुढच्या भेटीत झोपेतल्या ईईजीबद्दल आणि फिट थांबवण्यासाठी नाकात मारायच्या मिडाझोलम या औषधाच्या स्प्रेबद्दल न्यूरोलॉजिस्टना विचारा. पुन्हा फिट आलीच, तर एकाने भावाजवळ थांबावं आणि दुसऱ्याने मोबाइलवर व्हिडिओ घ्यावा, चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असा.