तिथी बघून घाट उतरा

आबा, आम्ही तिघे कराडचे. लहानपणापासून कृष्णेत गळ टाकतोय; मरळ, रोहू, शिवडा सगळं काढलंय. गेल्या महिन्यात एका रविवारी कुंभार्ली उतरून गुहागरला गेलो. सकाळी सहापासून दुपारी दोनपर्यंत खडकावर बसलो, दोनदा जागा बदलली. एका शिंगाळ्याशिवाय काही लागलं नाही. काय चुकलं? (एक वाचक, कराड)

पत्रात तुम्ही वार लिहिलाय, तिथी लिहिलेली नाही. मला वाटतं, चूक तिथंच झाली.

नदीत पाणी एकाच अंगाला जातं. समुद्र दिवसातून दोनदा भरतो, दोनदा उतरतो, आणि किनाऱ्याचा मासा त्या पाण्याबरोबर चरायला वर येतो. पाणी हललं तर मासा हलतो. मी इस्लामपूरचा. तीसेक वर्षांपूर्वी आंबा घाट उतरून पहिल्यांदा जयगडच्या खाडीवर गेलो तेव्हा अष्टमी होती. दुपारपर्यंत दोरी सरळ खाली लोंबत होती, जणू विहिरीत सोडलीय. शेजारी जाळं शिवत बसलेले एक म्हातारे खारवी म्हणाले, "भांग आहे. पाण्याला ओढ नाही. चार दिवसांनी या." भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासची कमी जोराची भरती-ओहोटी. मी खरंच चार दिवसांनी गेलो. द्वादशीला त्याच दगडावर बसलो. आठ ते साडेनऊ एवढ्या वेळात दोन तांबोशी आणि एक गोबरा निघाला. आमिष तेच, गळ तोच.

कोकणातला हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, भरती पूर्ण होण्याची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पौर्णिमा-अमावास्येला साडेअकरा-बाराच्या सुमारास. पुढची भरती साधारण साडेबारा तासांनी आणि रोज वेळ पाऊण-एक तास पुढे सरकते. गावागणिक थोडा फरक पडतो, म्हणून त्या बंदराचं भरतीचं कोष्टकही बघून घ्या. पण कालनिर्णय भिंतीवर असताना घरबसल्या दिवस ठरवायला एवढं पुरतं.

माझी पसंती द्वादशी-त्रयोदशीला. अंधार असताना पोचायचं, उजाडता उजाडता पाणी चढत असतं आणि नऊ-पावणेदहापर्यंत भरती होते. भरतीचे शेवटचे दोन तास आणि उतरत्या पाण्याचा पहिला तास, एवढाच वेळ मन लावून गरवायचं. ऐन पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं. खाडीच्या तोंडाशी ओढ इतकी, की शिसं तळाला टिकत नाही. नवख्याने ते टाळावं.

महिन्यांचं म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पहाटे मतलई वारे जमिनीकडून वाहतात, काठाजवळचं पाणी शांत असतं. दुपारी खारे वारे सुटले की लाटा फुटायला लागतात, दोरीला पोट येतं आणि टोचणी हाताला कळत नाही. दुपारी दोनपर्यंत बसण्यात म्हणून अर्थ नव्हता.

आता आमिष. तुम्ही बहुतेक बाजारातली बर्फातली कोळंबी लावली. शिंगाळ्याला ती चालते. तांबोशीला आणि जिताड्याला जिवंत हवी. खाडीत पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकणाऱ्याकडून पाच-पंचवीस जिवंत कोळंब्या घ्या, बादलीत खाडीचंच पाणी ठेवा आणि ते बदलत राहा. कोळंबी उजेडाकडे धरली की डोक्यावरच्या काट्याखाली कवचातून एक काळपट ठिपका दिसतो. गळ त्याच्या पुढून, नुसत्या कवचातून आडवा काढायचा. ठिपक्याला लागला की कोळंबी तिथंच मरते. चुकवला तर अर्धा-पाऊण तास पाय मारत राहते. मासा त्या पाय मारण्याला येतो. मुख्य तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) 0.40 मिलिमीटरचा पुरतो, पण गळाजवळचा हातभर 0.70 चा ठेवा. तांबोशी आमिष घेताच दगडाच्या कपारीत वळते, आणि बारीक तंगूस तिथं कातरून जातो.

आबा, आमचा चिरंजीव मित्रांबरोबर रात्री मासे धरायला रत्नागिरीकडे जातो. खडकावर बसतात म्हणे. मी रात्रभर जागी असते. त्याला काय सांगू? (एक आई, मिरज)

ताई, त्याला हे पान वाचायला द्या.

बाळा, खडकावर गेल्यावर आधी वीस मिनिटं नुसतं उभं राहून पाणी बघायचं. काठी पिशवीतून काढायचीसुद्धा नाही. वारा नसतानाही लांबच्या वादळातून उठलेल्या लाटा येतात. दहा-पंधरा साध्या लाटांनंतर एखादी दुप्पट येते आणि माणूस तिच्यातच जातो. जिथवर दगड ओला आणि शेवाळाने काळा आहे, तिथवर लाट पोचते. बसायचं त्याच्या चांगलं वर. पाण्याकडे पाठ कधीही करायची नाही.

दुसरं, परतीची वाट. मी स्वतः एकदा ओहोटीला चालत एका कातळावर गेलो आणि मासा लागत होता म्हणून मागे पाहिलंच नाही. पाहिलं तेव्हा मागच्या चरात छातीभर पाणी. उतार पडेपर्यंत तिथं बसून काढलेले तास आजही आठवतात. म्हणून भरतीची वेळ जशी माशासाठी बघतोस, तशीच परतण्यासाठी बघ. हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था उंच लाटांचा इशारा देते, तो निघण्याआधी बघ. इशारा असेल तर जायचं नाही. लाइफ जॅकेट घाल, बरोबर एक जण असू दे. आणि आईला परत निघताना फोन कर.

जून-जुलैत तर मुळीच नाही. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांनासुद्धा मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा काळ आणि खवळलेला दर्या, दोन्ही त्यामागे आहेत. ज्यांचं पोट समुद्रावर आहे त्यांच्यातले कित्येक जण नारळी पौर्णिमेपर्यंत थांबतात. आपण हौशी माणसं.

दाभोळच्या खाडीत आत गेलं की भर उन्हाळ्यातही पाणी गोडसर लागतं, असं का? तिथं जिताडा मिळेल का? (एक वाचक, पाटण)

कारण ते तुमच्याच तालुक्यातलं पाणी आहे. कोयनेचं पाणी बोगद्यातून पश्चिमेला पोफळीकडे उतरतं, वीज करतं आणि पुढे वाशिष्ठीला मिळतं. म्हणून इतर नद्या मे महिन्यात आटल्या तरी वाशिष्ठी वाहती असते. मला याचं फार अप्रूप वाटतं: आपण घाट उतरून जातो, आणि पाणी आपल्या आधी पोचलेलं असतं.

गोडं पाणी हलकं, ते वर तरंगतं. भरतीचं खारं पाणी खालून आत शिरतं. म्हणून चढत्या पाण्यावर आमिष तळाजवळ ठेवा. जिताड्याला गोडं-खारं दोन्ही मानवतं, तो आतही मिळतो. तांबोशीसाठी मात्र अंजनवेलच्या बाजूला, तोंडाकडे या. वीतभर पिल्लू लागलं तर ओल्या हाताने गळ काढून सोडून द्या.

शिंगाळ्याचा काटा बोटात गेला तर काय करावं? (एक वाचक, तासगाव)

सोसवेल इतक्या गरम पाण्यात बोट अर्धा ते दीड तास धरा. त्याचं विष उष्णतेने मोडतं आणि ठणका उतरतो. पाणी किती गरम आहे ते दुसऱ्या, बऱ्या हाताने आधी बघा, दुखऱ्या हाताला चटका कळत नाही. काट्याचा तुकडा आत राहिला असेल तर घरी कोरत बसू नका, डॉक्टरकडे जा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. थर्मासमध्ये गरम पाणी घेऊनच घरून निघत जा.